अकराव्या चालीचा घोडा

हॅलो? … बुद्धिबळ मंडळाचे सचिव ना? मग ऐका. मरणाऱ्या माणसाचं घड्याळ तुम्ही चालू ठेवलंत, आणि वर ‘वेळ संपली, हरले’ असं नोंदवून मोकळे झालात.

… कोण म्हणजे? गेल्या महिन्यात तुमच्या स्पर्धेत खेळता खेळता कोसळले ना, त्यांची मुलगी.

… हो, मिळाला गुच्छ. त्यावर मंडळाचं नाव बाबांच्या नावापेक्षा मोठं होतं.

… नाही हो, भांडत नाहीये. आवाज असाच झालाय माझा. भाजीवाल्याशीही असंच बोलते.

… नियम? पाठ आहे मला. चाल करायची, मग घड्याळाचं बटण दाबायचं. बाबांनी घोडा उचलला, ठेवला, आणि बटणाकडे हात नेता नेता खाली गेले. मग सगळे भोवती जमले. पाणी आणा, पंखा लावा, गाडी बोलवा. घड्याळ थांबवायला मात्र एकाचाही हात मोकळा नव्हता.

… अहो, ऐका तर! बक्षीस नकोय. गुण नकोत. माझं काम सांगते, म्हणजे कळेल.

… कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात ना, तसला प्रोग्रॅम. त्याचं ओपनिंग बुक मी बनवते. सुरुवातीला तो स्वतःचं डोकं चालवत नाही, बुकातल्या चाली खेळतो. आणि बुक भरतं तुमच्यासारख्यांच्या नोंदींतून. जिंकणाऱ्याची चाल ठेवायची, हरणाऱ्याची फेकायची. … हो, आपोआप. काल तुमच्या स्पर्धेचे डाव घातले. बाबांचा घोडा त्याने फेकला. अकराव्या चालीला घोडा पटाच्या कडेला, आणि तिथेच हार! मशीनच्या लेखी याहून वाईट चाल जगात नाही.

… मला काय वाटायचंय? काही नाही. चहा प्यायले. गार झाला होता.

… वाईट नाहीच ती! वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर पट मांडून बाबा हाच घोडा खेळवून बघत होते. आई विचारायची, ताट कुठे ठेवू, याच्या डोक्यावर? … हो, तपासली. बुक बंद केलं आणि मशीनलाच विचार करायला लावलं. तेच म्हणालं, बाबांचं पारडं जड आहे.

… येते ना चाल बुकात हाताने घालता! आमचे साहेबही तेच म्हणाले, “घाल गं गुपचूप.” गुपचूप का? बाबा काय चोरून खेळले होते? आणि पुढच्या वेळी बुक नव्याने भरलं की तुमची नोंद वाचून पुन्हा फेकणारच ते.

… हो, हो… बाबांच्या समोर खेळणाऱ्या मास्तरांची हरकत नाही. परवा त्यांचाच फोन आला होता. “बाळ, मी जिंकलो असं कुणाला सांगू नकोस,” म्हणाले. ते नको नको म्हणतायत, आणि तुम्ही त्यांच्या गळ्यात विजय बांधताय!

… अर्ज? नाही करणार. … पंचांना कशाला विचारता? ते म्हणतात, सचिवांना विचारा. … पुढच्या बैठकीत? शुक्रवारी प्रोग्रॅम लोकांच्या हातात जातोय. पोरं त्याच्यावर शिकणार, आणि हा घोडा त्यांना दिसणारच नाही.

… जिंकले असं लिहा म्हणतच नाहीये मी. ‘डाव अपुरा’. एवढंच. मग मशीन हार-जीत बाजूला ठेवतं, चाल बघतं.

… नोंदवही समोर आहे ना? उघडा मग.

… ‘बघू’ नको. लिहिताय की नाही?