शिवंबाहेरचा गानारा

मी शिरपूरच्या अंगच्या वाडीतला. वाडी कायची, दहा-बारा घरं, एक हिर अन् मारुतीचा ओटा, शिरपूरले जैनाचं मंदिर पाहाले कुठून कुठून लोक येतात, आमच्या वाडीत कोनी चुकूनही येत नसे. माहं नाव किसन, बापाचं नाव तुकाराम. तीन एकर वावर होतं, त्यात जवारी अन् पऱ्हाटी, अन् मी मोठा लेक म्हनून मले जवारीत माळ्यावर बसवत पाखरं हाकलाले. हातात गोफन अन् दिवसभर हाऽऽ हाऽऽ करून ओरडाचं, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापोवेतो आवाज गेला पाह्यजे, नाई गेला तर संध्याकाळी बापाचा मार. काय सांगू तुमाले, माहा गळा तठीच तयार झाला, मले कोन्या गुरूनं नाई शिकवलं, चिमन्यायनं शिकवलं.

बँडात कसा गेलो ते सांगतो. मंगरूळपीरले आमच्या नात्यात लग्न होतं अन् बँडवाल्याचा गानारा आलाच नाई, त्याले हिवताप भरला होता. तवा माईक-गिईक काही नसे, गानारा पत्र्याचा भोंगा तोंडाले लावून गाये, मांगून ढोल, झांजा, पितळेचे बाजे, त्याच्यावर आपला आवाज गेला पाह्यजे. बँडमास्तर उस्मानभाई, क्लारनेट वाजवे, उंच मानूस, दाढी मेंदीनं लाल केलेली, त्यानं मांडवात येऊन विचारलं का कोई गानेवाला है क्या, अन् माह्या मामानं मले पुढं ढकललं. मी गायलो. वरात लागल्यावर उस्मानभाईनं माह्या पाठीवर हात ठेवला अन् म्हने, बेटा, तू भोंगा कायकू लेता, तू तो खुदच भोंगा है. त्या दिवसापासून मी त्याच्या बँडात, अन् तो मले लेकावानी वागवे, खोटं कायले सांगू.

आमचं गानं कसं राहे ते ध्यानात घ्या, कारन पुढं तेच आडवं आलं. गानारा वरातीच्या पुढं, पन तोंड बँडाकडं, म्हंजे तो उलटा चालते. वरात पुढं येऊन राह्यली, तुमी मांगं सरकून राह्यले, अन् टाच मातीत मारली का ठेका पडते. मांगं गोटा आहे का नाली आहे का बैलगाडी उभी आहे, सारं टाचेलेच समजे. मी पाच-सहा वर्सं असाच उलटा चाललो अन् उलटा चालतच गायलो, उभं राहून मी कधी गायलोच नाई.

आता ते राकनरोल, ज्याच्यासाठी तुमी वही घेऊन आले. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं ना, त्याच्या आसपासची गोष्ट. उस्मानभाईचा भाचा कामठीले मिलिट्रीत डायवर होता, त्यानं कोन्या साहेबाच्या बंगल्यातून एक काळी तबकडी आनली, इंग्रजी, कडंनं टवका उडालेली. चावीच्या बाजावर, म्हंजे ग्रामोफोनवर, लावली. अरे बापा, त्यातला मानूस गाऊन राह्यला का त्याले उचकी लागली, आमाले काही समजेना, एकही शब्द कळेना, पन माही टाच आपोआप हालाले लागली. दुपारभर तेच ऐकलं. उस्मानभाई म्हने, किसन, ये तो अपनी बारात का ठेका है, बस जरा पागल हो गया है. मंग मी त्या चालीवर आपले शब्द बसवले, चाल गं चाल, घुंगरमाळ, टाचंत माती, डोक्यात जाळ. उचकी बी माही मी घातली, जाळ म्हनतानी ती अशी तुटून वर जाये.

पहिल्यांदा वाशीमले गायलं एका वरातीत. पोट्टे येडे झाले. म्हातारे म्हने हे काय माकडचाळे, पन तेई हालले नाई जागचे. दोन सीझन आमाले सवड नव्हती, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, लोक लग्नाची तिथ आमाले इचारून काढत, तो राकवाला मोकळा आहे का म्हनत. मले वाटे का आता आपलं काही खरं आहे.

पन घरी काय होतं पाहा. माहा बाप माळकरी, तोंडानं कडक. त्याले कळलं का पोरगा रस्त्यानं उलटा नाचत गाते, तर त्यानं मले मारुतीच्या ओट्यावर नेलं अन् देवावर हात ठेवाले लावला. म्हने तुले भीक मांगाची तर बाहेर मांग, पन या वाडीच्या शिवंच्या आत सूर काढाचा नाई, गुनगुनाचं बी नाई, काढला तर तुहा बाप मेला असं समज. मी हात ठेवला. तवा बापापुढं कोन बोले. तवापासून मी शिवंवरच्या बाभळीपोवेतो गात येओ अन् तठी तोंड मिटून घेओ.

अन् माही बायको, सुबद्री, नवीन लग्न होऊन आली होती, तिनं माहं गानं कधी ऐकलंच नाई. बायाले वरातीत कोन घेऊन जाते, अन् दुसऱ्याच्या लग्नात बँडवाल्याच्या बायकोले कोन बलावते. बाजारच्या बाया तिले सांगत, तुहा नवरा असा गाते, तुहा नवरा तसा गाते, अन् ही नुसती ऐके. एकदा तिले माहेरी पोचवाले गाडी जुतली, मी मनात म्हटलं का शीव ओलांडली का गातो, तर बाप गाडीत येऊन बसला, त्याले बी तिकडंच काम निंघालं. सुबद्री मले म्हने, अवो, साऱ्या मुलखानं तुमाले ऐकलं, मीच कोन पाप केलं. हसूनच म्हने, पन मले लागे ते.

मंग वाशीमच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा आला मुंबईवरून, तो तबकड्या काढनाऱ्या कंपनीत कामाले होता. वरात संपल्यावर त्यानं मले अन् उस्मानभाईले चहा पाजला अन् म्हने हे गानं तबकडीत भरू, संक्रांतीनंतर या. मी घरी येऊन सुबद्रीले सांगतलं. ती भाकर थापत होती, थापाचीच राह्यली. म्हने मंग तर झालंच. मामंजीची शपथ तुमाले आहे, बाजाले नाई, शिरपूरच्या हाटेलात तबकडी लागली तर तुमी कुठं गाऊन राह्यले, बाजा गाऊन राह्यला, मी तठी उभी राहून ऐकीन. पाहा तिचं डोकं कसं चाले. मले कंपनीचं काही नव्हतं हो, नावाचं बी नव्हतं. मले एवढंच होतं का तिनं एकदा ऐकावं.

गेलो मुंबईले, मी अन् उस्मानभाई. ती खोली अशी का भिंतीले गाद्या ठोकलेल्या, आत आपलाच आवाज आपल्याले परका लागे. तठल्या साहेबानं खडूनं जमिनीवर फुली मारली अन् म्हने या फुलीवर उभं राहाचं, हालाचं नाई. पुढं माईक. मी पहिलाच सूर भोंग्यात टाकतो तसा टाकला, तर काचेमांगच्या मानसानं कानावरचं काढून फेकलं. म्हने हळू. आता हळू म्हंजे काय, मी जलमात हळू गायलो नव्हतो. हळू गायलो तर उचकी निंघेना. बरं ते बी जमवलं असतं, पन पाय. गानं सुरू झालं का माही टाच मांगं जाये, टाच गेली का मी गेलो, मी गेलो का आवाज माईकातून गेला. तीनदा भिंतीले टेकलो. उभा राहो तर ठेका चुके, चालो तर आवाज पळे. शेवटी एका मानसानं मले मांगून खांद्याले धरलं, बैलाले नाल ठोकतानी धरतात तसं, अन् म्हने आता गा. माह्या तोंडातून काहीच निंघालं नाई. तीन दिवस हेच चाललं. उस्मानभाई कोपऱ्यात क्लारनेट मांडीवर घेऊन बसला होता, तो माह्याकडं पाहेच ना.

तिसऱ्या दिवशी साहेब बोलला, मानूस वाईट नव्हता तो. म्हने गानं लय चांगलं आहे, पन तुमी तबकडीचे गानारे नाई. गानं आमाले द्या. एक पोरगा बोलावला, केसाले चापूनचोपून तेल, पायात बूट. त्यानं दोनदा माह्या तोंडून ऐकलं अन् फुलीवर उभं राहून गाऊन टाकलं, हालला बी नाई. माही उचकी जठल्या तठी घेतली त्यानं. इमानानं सांगतो, चांगला गायला. मी हो म्हटलं, कागदावर सही केली, अन् उस्मानभाईसंगं अकोल्याची गाडी धरली.

आता माही चूक सांगतो, ती मुंबईतली नाई, घरची आहे. वाडीत आलो, बाप आंगनात दोर वळत बसला होता, सुबद्री दारात उभी, तिनं बोलून नाई, नुसतं डोळ्यानं इचारलं. अन् मी म्हटलं, भरलं. म्हटलं माहा आवाज भरला तबकडीत, तबकडी येईन दोन-तीन महिन्यात. काहून म्हटलं ते मले आजवर समजलं नाई. मनात होतं का तबकडी काही शिरपूरपोवेतो येत नाई, इसरून जाईन ती.

आली ना तबकडी. शिरपूरच्या मोटारस्टँडवरच्या हाटेलात, छपरावर कर्ना बांधलेला. सुबद्री बाजाराले गेली होती, डोक्यावर वांग्याचं टोपलं, अन् ते गानं लागलं. बाया सांगत का ती रस्त्यात तशीच उभी राह्यली टोपलं घेऊन, मोटार हारन वाजवून राह्यली तरी हालली नाई, संपल्यावर हाटेलवाल्याले म्हने भाऊ, अजून एकदा लावा, माहा घरवाला आहे तो. घरी आली अन् चुलीपाशी बसून लय रडली. म्हने आवाज ऐकताच मी वळखला, तुमी रागात बोलता ना तसाच आहे. आता सांगा, त्या वक्ती मी काय बोलाले पाह्यजे होतं. मी भाकर मांगतली.

पुढं वरातीत हाल सुरू झाले. लोक मले म्हनाले लागले का बरं गाते, पन तबकडीसारखं नाई. नक्कल करते म्हने. माह्याच गान्याची मीच नक्कल. कारंज्याकडं एका वरातीत तर गाडीवर कर्ना बांधून तबकडीच लावली अन् आमाले म्हने तुमी नुसते संगं चाला, शोभा दिसते. त्या दिवशी मी पहिल्यांदा वरातीत सरळ चाललो.

दोन वर्सानं बाप मेला. तेरवी झाल्यावर सुबद्री म्हने, आता शपथ सुटली, मामंजी गेले, आता घरात गा. मी गायलो असतो तर तिनं पहिल्याच ओळीले वळखलं असतं का हा तो नव्हे. तिच्या कानात तो बसला होता पक्का. म्हनून मी म्हटलं गळा गेला. कशानं गेला, तर तोंडाले आलं ते बोललो, म्हटलं कोनी तरी पानातून शेंदूर चारला. आमच्याकडं गानाऱ्याचा गळा असाच मारतात असं सारे मानतात, तिनं लगेच खरं धरलं. अन् मी वराती सोडल्या, गानं सोडलं, शिवंच्या आत बी अन् बाहेर बी. ती दहा वर्सं मले ज्येष्ठमध चघळाले दे, हळदीचं दूध दे, मंगरूळपीरच्या दर्ग्याले जाऊन दोरा आनला.

अन् तिनं मनानंच ठरवलं का शेंदूर उस्मानभाईनं चारला, कारन पान तोच दे. तो घरी आला तर ती उठून आत जाये, पानी बी नाई इचारे. ज्यानं मले लेक मानलं त्याले माह्या दारात पानी नाई. एक डाव मी त्याले शिवंपोवेतो पोचवाले गेलो अन् रडलो, म्हटलं मी आज तिले सांगतो. तर तो म्हने, रहने दे किसन, मेरे को पानी बहुत मिलता, उसके पास वोच एक चीज है. त्याच्यानंतर तो आला नाई. त्याच्या मातीले मी गेलो, ती नाई आली. सांगतलं नाई मी तरी बी. असा मानूस आहो मी, लिहा तुमी.

आता ती अंथरुनावर आहे, पावसाळ्यापासून. डाक्टरनं घरी न्या म्हटलं. नातवानं ते गानं कुठून तरी मोबाईलात आनलं आहे, दिवसातून चारदा लावते तिच्यासाठी, तिले बाकी काही समजत नाई पन ते लागलं का बोटं हालतात. परवा तिनं मले जवळ बलावलं अन् म्हने, माही घडी आली का तोंडात पानी नंतर घाला, आधी तुमचं गानं माह्या कानाशी लावा, तुमच्या आवाजात जाऊ द्या मले.

मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हनू. पन दुपारी सारे वावरात गेले का मी तिच्या उशाशी बसतो, तिचा डोळा लागलेला राह्यते, अन् मी तोंड उघडून पाहतो, चाल गं चाल, एवढंच, एक ओळ निंघाली तरी पुरे म्हनतो. हवा निंघते नुसती. खोटं बोललो होतो का गळा गेला, आता खरंच गेला. बसा तुमी, चहा घेऊन जा. तुमच्या लेकराबाळायचं भलं होवो, पन जातानी तिले आवाज देऊ नका, तिच्या कानात आहे तोच राहू द्या.