प्रश्न विचारणारी मावशी आणि सरांचा लांबलेला निरोप

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आमच्या विभागप्रमुख मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर प्राध्यापक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे सर, सरांच्या शेजारी बसून मघापासून त्यांना ‘नीट बसा’ अशा खुणा करणाऱ्या आमच्या काकू, प्रयोगशाळेतले सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या सासूबाई, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सासूबाईंचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी केला. आधी केला असता तर त्यांनी तिथूनच विचारलं असतं, “मला कशाला मध्ये ओढलंस?” आणि एकदा त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली की कार्यक्रमपत्रिका गुंडाळून खिशात ठेवावी लागते. हा अनुभव मला आहे, माझ्या नवऱ्याला आहे, आणि आता सरांनाही आहे. सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवलं.

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात एक शंका असणार. सर निवृत्त झाले गेल्या सत्राच्या शेवटी. मग निरोप आज, एवढ्या उशिरा का? मघाशी मागे कोणीतरी म्हणालं की सभागृह रिकामं मिळालं नाही. दुसरं कोणी म्हणालं की विभागाचा कारभारच असा. तसं काही नाही. मॅडमनी सरांना तेव्हाच तारीख विचारली होती. सर म्हणाले, “माझी एक विद्यार्थिनी मागे राहिली आहे. ती आल्याशिवाय मी निरोप घेणार नाही.” जणू काही सहलीची बस सुटायची आहे आणि कोणीतरी पाणी प्यायला गेलंय. ती पाणी प्यायला गेलेली मीच.

ज्यांनी सरांकडे प्रबंध केला आहे, त्यांना सरांचं ‘हं’ ठाऊक आहे. प्रकरण लिहून न्यावं, सरांनी चष्मा वर करून वाचावं आणि म्हणावं, “हं.” या ‘हं’चे प्रकार किती, यावर खरं तर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. आम्ही बाहेर आलो की एकमेकांना विचारायचो, “लांब होतं की आखूड?” आखूड असेल तर पुन्हा लिहा. लांब असेल तर विषयच बदला.

माझा विषय होता नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याची साधनं. नवशिके म्हणजे ज्यांनी आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही असे लोक. मी त्यांच्यासाठी एक साधन तयार केलं. पडद्यावर एक कासव. त्याला आज्ञा द्यायच्या, इतकी पावलं पुढे जा, उजवीकडे वळ, हेच चार वेळा कर, की कासवाच्या मागे चौकोन उमटतो. चूक झाली की माझं कासव लगेच मान बाहेर काढून सांगायचं, “अरेरे, इथे वळायला विसरलात. असं करून बघा.” कासव फार गुणी होतं. कुणाला अडखळू म्हणून देत नसे. मला तर त्याचा भारी अभिमान. घरी एकदा नवरा म्हणालासुद्धा, “माझ्याशी कधी इतक्या प्रेमाने बोललीस का?”

आता साधन केलं म्हणजे त्याची चाचणी आली. मी आमच्या इमारतीतले आणि आजूबाजूचे बारा नवशिके गोळा केले. त्यात औषधवाले काका होते, शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या, दोन निवृत्त गृहस्थ होते, आणि एक वकीलबाई होत्या, ज्या कासवाशीही वाद घालत. तळमजल्यावरच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. चाचणीच्या वेळी संशोधकाने खोलीत थांबायचं नाही, हा सरांचा नियम. का? तर आपण समोर असलो की माणसं आपल्याकडे बघतात, आपला चेहरा वाचतात आणि निकाल बिघडतो. नियम अगदी रास्त. म्हणून मी शेजारच्या खोलीत जाऊन बसले. आणि कोणाला पाणीबिणी हवं असेल, दार वाजलं तर बघायला कोणीतरी हवं, म्हणून खोलीत कोणाला ठेवलं? सासूबाईंना.

हसू नका. हे कळलं तेव्हा सरही असे हसले नव्हते.

माझ्या सासूबाई म्हणजे बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरी केलेल्या. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेली. ही गाडी कधी सुटणार, ती कुठे लागणार, मुतारी कुठे आहे. निवृत्त झाल्यापासून त्या हिशेब चुकता करताहेत. आता प्रश्न त्या विचारतात. दूधवाल्याला, डॉक्टरला, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालासुद्धा. आणि त्यांचा प्रश्न वरवरचा नसतो. उत्तर पटेपर्यंत त्या समोरच्याला सोडत नाहीत.

चाचणीचे निकाल आले आणि मी खुर्चीतून उठून नाचायची तेवढी राहिले. बाराच्या बारा जणांना चौकोन जमला. बहुतेकांनी तर चांदण्या काढल्या. मी सरांकडे धावले. सरांनी आकडे पाहिले आणि एक असं ‘हं’ केलं की जे आमच्या यादीतच नव्हतं. प्रबंध लिहून झाला. सरांची निवृत्ती जवळ आली होती, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मंजुरीच्या पानावर त्यांनी सही केली. बांधणीला द्यायचं तेवढं बाकी होतं.

त्याच आठवड्यात मी औषधं आणायला गेले. औषधवाले काका म्हणाले, “अहो, ते कासव मी घरी मुलीला दाखवायला गेलो, पण काही केल्या जमेना.” मी म्हटलं, “असं कसं? तुम्ही तर पहिले आला होतात.” त्यावर काका थोडे लाजले आणि म्हणाले, “तुमच्या सासूबाईंना जरा अर्धा तास पाठवता का? त्या शेजारी असल्या की जमतं.”

औषधं तिथेच काउंटरवर विसरून मी तडक घरी निघाले.

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, “आई, तुम्ही त्या दिवशी खोलीत काय करत होता?”

“काय करणार? पाणी देत होते.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. जरा बघत होते.”

“आई, तुम्ही त्यांना सांगत होतात का?”

“अगं, मला येत असतं तर सांगितलं असतं! मी नुसती विचारत होते. तो प्राणी इकडे का वळला, मग आता तिकडे का नाही जात, तुम्ही त्याला नक्की काय म्हणालात. माणसाने विचारूही नये का?”

म्हणजे बाराही जणांच्या खांद्यावरून डोकावून या माउलीने प्रश्न विचारले होते. आणि तिला समजावून सांगता सांगता त्या लोकांना समजलं होतं. माझ्या गुणी कासवाचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

मंडळी, आता खरा पेच. ही गोष्ट माहीत कुणाला? मला, सासूबाईंना आणि त्या बारा नवशिक्यांना, आणि त्यांना कोण विचारायला जाणार? प्रबंध तसाच दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पदवी मिळाली असती, सरांच्या हातून मिळाली असती. पुन्हा चाचणी करायची तर सर तोवर निवृत्त होणार. निवृत्त माणसाला मार्गदर्शक राहता येत नाही, असा नियम. मला मुदतवाढ एकदाच मिळणार होती, तीही संपली तर नोंदणी रद्द आणि एवढ्या वर्षांचं काम पाण्यात. मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तर खोटं होईल, पण जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी गेले सरांकडे आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “ते सहीचं पान द्या.” मी दिलं. त्यांनी त्याची घडी घातली, त्याच कागदाने चष्म्याची काच पुसली आणि तो टोपलीत टाकला. मग म्हणाले, “तुमच्या सासूबाईंना भेटता येईल का?”

सर आमच्याकडे आले. मला वाटलं, आता सासूबाईंची कानउघाडणी होणार. सर खुर्चीत टेकले नाहीत तोच सासूबाईंनी विचारलं, “मास्तर, तुम्ही इतकी वर्षं हेच शिकवता?”

सर म्हणाले, “हो.”

“मग पोरांना येतं का?”

“काहींना येतं.”

“ज्यांना येत नाही त्यांचं काय करता?”

“त्यांना पुन्हा समजावून सांगतो.”

“तुम्हीच सांगता? त्यांना नाही सांगायला लावत?”

सरांनी चष्मा वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहून ‘हं’ केलं. पण या वेळी ते ‘हं’ स्वतःसाठी होतं. नंतर ते तासभर सासूबाईंना प्रोग्रॅम म्हणजे काय ते समजावत होते आणि सासूबाई त्यांना एकेका वाक्यावर अडवत होत्या. निघताना सर दारात मला म्हणाले, “तुमचं कासव फार शहाणं आहे. त्याला काढून टाका.”

कासव गेलं आणि त्या जागी आली मावशी. माझ्या साधनातली ही मावशी काहीही शिकवत नाही. तिला काही येतच नाही. ती फक्त म्हणते, “मला नाही कळलं बाई, हे इथे का वळलं?” आणि उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तिच्या तोंडची वाक्यं घ्यायला मला लांब जावं लागलं नाही, स्वयंपाकघरात कान दिला की पुरे. सासूबाईंनी एकदा पडद्यावर वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही बाई फार भोचक वाटते.”

पण नवी चाचणी घ्यायची तर नवे नवशिके हवे. आणि नवशिक्यांची गंमत अशी की ते एकदा शिकले की संपले. आमची इमारत संपली होती, गल्ली संपली होती. वकीलबाई म्हणाल्या, “मी पुन्हा विसरून येऊ का?” शेवटी सासूबाईच धावून आल्या. त्यांच्या जुन्या बसस्थानकावरचे वाहक, चालक, तिकीटखिडकीवरच्या बाया, अशी फौजच त्यांनी उभी केली. निम्म्यांना कासव, निम्म्यांना मावशी. आणि सासूबाईंना खोलीबाहेर, दाराला कुलूप. त्या बाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी केली, पण चाचणी संपल्यावर. त्याला सरांची हरकत नव्हती.

तोवर सर निवृत्त झाले होते. माझ्या कागदोपत्री मार्गदर्शक झाल्या आपल्या अध्यक्ष मॅडम. आणि सर? सर रोज येत होते. त्यांना खोली नव्हती, टेबल नव्हतं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, बिघडलेल्या प्रिंटरशेजारी खुर्ची ओढून ते माझी प्रकरणं वाचायचे. मावशीचा निकाल कासवापेक्षा बरा आला, पण डोळे दिपावेत असा नाही. मी तो जरा सजवून लिहिला, तर सरांनी खोडला. वर सांगितलं, “मावशी प्रत्यक्ष सासूबाईंच्या जवळपासही पोचली नाही, हेही लिहा.” तेही लिहिलं. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात माझ्या सासूबाईंनी माझा पराभव केला आहे, आणि तो ग्रंथालयात कायमचा राहणार आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॅडमना एक अडचणीचा प्रश्न विचारला. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सही माझी आहे. बाकी जे विचारायचं ते मागच्या बाकावर सर बसलेत, त्यांना विचारा.” मॅडम, एवढं मोठं मन सगळ्यांकडे नसतं. मी पास झाले.

या प्रबंधावर सरांचं नाव नाही. नियम तो नियम. आभारात लिहिलं आहे, पण आभार कोण वाचतं? मला ते टोचत होतं, अजूनही टोचतं. आज सकाळी सभागृहाच्या दारात सासूबाईंनी सरांना गाठलं आणि जे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही ते सरळ विचारलं. “मास्तर, तुमचं नाव नाही त्या पुस्तकावर. मग तुम्ही रोज कशाला येत होता?”

सर म्हणाले, “नाव असतं तर सही करून मोकळा झालो असतो. तसा एकदा झालोच होतो.”

सासूबाईंनी यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. आमच्या घरात हे कधी घडलेलं मला आठवत नाही.

सर, तुम्ही कोणाला तोंडावर शाबासकी दिली नाहीत आणि आम्हीही कधी तुम्हाला काही बोललो नाही. आज माइक हातात आहे म्हणून बोलते. उद्यापासून प्रिंटरजवळची ती खुर्ची रिकामी असेल, याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण तुम्हाला थांबवून ठेवायला आता माझ्याकडे काही शिल्लक नाही. प्रबंध खरंच पूर्ण झाला आहे, सर. यातली एकही ओळ खोटी नाही.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष मॅडमचे आणि संयोजकांचे आभार. ठरलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोलले, हे सूत्रसंचालकांच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. बोलण्याच्या भरात कुणाला चिमटा जरा जोरात बसला असेल, मानपानात कुठे चूक झाली असेल, तर नवशिकी समजून सांभाळून घ्या. सासूबाईंची क्षमा मी इथे मागत नाही, ती घरी गेल्यावर मागावीच लागणार आहे.

धन्यवाद.