कपडे वाळत घालायची दोरी

दोन हजार एक सालची गोष्ट. अबुधाबीच्या बसस्टँडवर कुमुदिनीबाई तिकिटाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एक जोडपं चक्क मराठीत भांडत होतं, आणि बाईंना ते ऐकूनच बरं वाटलं.

"खोर फक्कानच्या क्लबात फुटबॉलचा हेड कोच होशील, ऑस्कर! आज जाऊन फक्त सही करायची, आणि तोंड एवढंसं का?"

"नऊ वर्षं इथल्या कॉलेजात बचावफळीची पोरं घडवली, कॅमिला. ती सोडवत नाहीत."

"गोल मारला की टाळ्या पडतात. गोल झालाच नाही, तर टाळ्या कोण वाजवतं?"

"आमचा गोलकीपर."

"मस्करी नको."

"बरं, ऐक. पहिल्या वर्षी चौघांच्या कमरेला एकच दोरी बांधून पळवलं. एकमेकांवर पडले, मला शिव्या घातल्या. आता दोरी नसली तरी एक सरकला की चौघं सरकतात. हेड कोच झाल्यावर हे कुठं करू, मीटिंगमध्ये?"

"कसली दोरी?"

"कपडे वाळत घालायची."

"माझी? गॅलरीतली? अरे देवा! त्या दोरीपायी मी शेजारच्या इनेजला चोर ठरवलं, नऊ वर्षं तिच्याशी बोलले नाही!"

"मग आता बोल. इथंच राहिलो तर जमेल."

कॅमिलाला हसू आलं, ते थांबेचना.

"खलास! नको तुझं खोर फक्कान. चल घरी. आधी इनेजकडे, मग नवी दोरी घ्यायला."

ती रांगेतून बाहेर पडली, तसा ऑस्करही पडला.

"नायलॉनची घ्या हो," मागून कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तुटायची नाही."