कोपऱ्यातला ताळा

मंडळी, शेंडे सरांच्या फोटोला हार तर घातला, पण बोलायला तोंड उघडत नाही. शेंडे वहिनी समोर बसल्या आहेत. नंदनवन वस्तीतले सरांचे विद्यार्थी बसले आहेत. मी वैद्य. सरांच्याच शाळेत गणित शिकवलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस मी.

एका वर्षी सरांच्या वर्गाचे सहामाहीचे पेपर माझ्याकडे तपासायला आले. गणित होतं, एक्स वर्ग वजा नऊ एक्स अधिक वीस बरोबर शून्य. उत्तर चार आणि पाच. बरोबर होतं. पण उत्तराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन आकडे, नऊ आणि वीस. पुढच्या पेपरात तेच. त्याच्या पुढच्यात तेच. मला ती सगळ्यांना आधीच पढवलेली खूण वाटली. पेपर फुटला! नाहीतर या वस्तीतली पोरं एवढे मार्क आणतील कुठून? हो, असंच आलं माझ्या मनात. आज लाज वाटते, पण आलं होतं.

मी प्रमिलाला बोलावलं. ती काय, तिसऱ्या रांगेत बसली आहे. विचारलं, "काय वं, ही खूण कोणी शिकवली?"

ती म्हणाली, "खूण नाही जी सर, ताळा होय. दोन्ही मुळांची बेरीज नऊ आली पाहिजे, गुणाकार वीस. समीकरणातच लिहिलेलं राहते ना ते! शेंडे सर म्हणतात, आपल्या उत्तरावर आपणच भरवसा ठेवाचा नाही."

फळ्यावर नवं समीकरण दिलं. तिनं सोडवलं, कोपऱ्यात ताळाही केला. आणि मी काय म्हणालो? "चांगली पढवून ठेवली आहे हिला."

सर उत्तरावर संशय घ्यायला शिकवत होते. मी माणसावर घेत होतो.

पुढच्याच आठवड्यात हेडमास्तरांकडे निनावी अर्ज गेला. शेंडे पेपर फोडतात! चौकशीत काही निघालं नाही. पण अर्ज शाळेच्या टाइपरायटरवरचा होता, आणि त्या मशीनवर बसायचे आपले क्लार्क गेडामबाबू. सरांचे जिवलग. एका ताटात जेवणारे. सरांचा संशय त्यांच्यावर गेला. बोलणं तुटलं ते शेवटपर्यंत.

एकदा सरांनी मला विचारलं, "वैद्य, तुम्हाले काय वाटते, गेडामनं काहून केलं असंल असं?"

मी म्हणालो, "मले काय माहीत, सर."

माहीत होतं, मंडळी. मधल्या सुट्टीत, गेडामबाबू डबा खायला गेले असताना, तो अर्ज मी टाइप केला होता. वहिनी, मी केला होता.

गेडामबाबू मघापासून दाराशी चपला हातात धरून उभे आहेत. आत यावं की नाही, त्यांना समजत नाही. मला काय बोलायचं ते नंतर बोला. आता सगळे उठा, त्यांना वाट द्या, आणि ते सरांच्या फोटोपर्यंत पोचेस्तोवर कोणी एक शब्द बोलू नका.