पाचवी गल्ली

मारुतीराव : गावच्या मीटिंगला सगळं सांगत बसू नको. उभं ऱ्हायचं, गणितात बसत न्हाय म्हणायचं, आन् खाली बसायचं.

नीलम : पण बसत नाही असं नाहीच, आप्पा.

मारुतीराव : सकाळपासनं मी फरशीवर खडूनं वाटा काढालोय. एक तरी बसली का? देवीची पालखी देवळातनं निघायची, गावातल्या हरेक गल्लीतनं एकदाच जायची, आन् देवळात परत यायची. पालखी गेली की बाया पाणी घालून वाट बंद करत्यात. त्या वाटंनं ती पुन्हा जात न्हाय. आज्ज्यापासनं चाललंय हे. ह्या नव्या गल्लीनं सगळा घोळ घातला.

नीलम : वाटा काढून बघायची गरजच नाही. दोनशे काढा, देवळात परत येणारी एकही मिळायची नाही.

मारुतीराव : न बघता कसं सांगतीस?

नीलम : चौकात पालखी एका गल्लीनं येते, दुसरीनं जाते. अशा गल्ल्यांच्या जोड्या लागत जातात. देवळाच्या चौकाला चार गल्ल्या होत्या तोवर ठीक होतं. आता पाच झाल्या. एकीनं निघाली, मग दोनदा येऊन गेली, की पाची संपल्या. परत यायला गल्लीच उरत नाही.

मारुतीराव : मग मी तरी काय म्हणालोय? बसत न्हाय. नवी गल्ली सोडायची, पहिल्यागत चारच धरायच्या.

नीलम : तुम्ही निम्मंच घेताय. नव्या गल्लीचं दुसरं टोक भरमूकाकांच्या दाराशी. तिथं दोन गल्ल्या होत्या, आता तीन. सगळ्या गावात गल्ल्यांची जोडी पुरी न होणाऱ्या जागा या दोनच. म्हणून देवळातनं निघालेली पालखी एकही गल्ली न सोडता फिरते आणि काकांच्या दारात थांबते. हे जमतंय. सांगायचं तर हेही सांगावं लागणार.

मारुतीराव : ते तोंडातनं बाहेर काढायचं न्हाय.

जयाबाई : का? सख्ख्या भावाच्या दारात देवी थांबली तर तुमच्या पोटात का दुखतंय?

मारुतीराव : तू च्या कर जा.

जयाबाई : करून ठेवलाय. निवला पण.

मारुतीराव : माझा गोठा मोडून काढलीया ती गल्ली. पंचायतीच्या पीडीओ सायबाला अर्ज दिला, माझ्या भिंतीवर जेसीबी घातला.

जयाबाई : गोठ्यात जनावर कुठलं हुतं? भावजींच्या शेजारच्या गुणाबाईला झटका आलता तवा गाडी आत येईना. बाजंवर घालून आणली तिला चौकापतोर. त्याच्या मागनं भावजींनी अर्ज दिला.

मारुतीराव : मला येऊन सांगायचं हुतं. मीच पाडला असता गोठा, माझ्या हातानं. धाकट्या भावानं काय केलं ते मला पंचायतीच्या शिपायाकडनं कळावं?

जयाबाई : हे दुखतंय व्हय? मग त्याचा राग देवीवर कशाला?

नीलम : आप्पा, नवी गल्ली वगळली तर काकांकडच्या खालच्या गल्लीची पोरं खांदा देणार नाहीत. वेगळी पालखी काढणार म्हणतायत. माझ्या एका वाक्यावर गाव फुटणार.

मारुतीराव : टिळकवाडीत कॉलेजात शिकवतीस म्हणून गाव तुझं ऐकतंय. तू गप ऱ्हायलीस तरी मी सांगणार, माझ्या पोरीनं मोजलंय, बसत न्हाय.

नीलम : मग मी तिथंच उठून उरलेलं सांगणार.

मारुतीराव : गावाफुडं बापाला खोटं पाडणार?

नीलम : वर्गात कुणी अट गाळून उत्तर लिहिलं की मी शून्य देते. देवळात परत यायचं, ही अट आहे. ती लपवून बसत नाही म्हटलं, की ते खोटंच झालं. तुमच्याशी असं बोलताना मला भीती वाटतीय. पण सांगणार.

मारुतीराव : आपलेच दात आन् आपलेच ओठ.

(बाहेर देवळाच्या कर्ण्यावरून पाचच्या मीटिंगची आठवण दिली जाते.)

मारुतीराव : नवी गल्ली जरा लांबनं वळवून घेतली तर?

नीलम : गल्ली लांब की आखूड, सरळ की वाकडी, कशानंच फरक पडत नाही. कुठली गल्ली कुठल्या चौकाला मिळते, तेवढंच बघायचं.

मारुतीराव : एवढी बीजगणितं, भूमित्या शिकलीस, बापासाठी एक वाट सापडंना व्हय? बरं, उलटं कर. तिकडनं निघून देवळात आली तर?

नीलम : जमतं. त्या दोन जागांपैकी एकीवरनं निघायचं, दुसरीवर संपायचं.

मारुतीराव : बघ, झालं. देवी राती आपल्या देवळात.

जयाबाई : आन् निघायच्या आदी तिला तिकडं नेणार कोण? मूर्ती उचलायचा मान थोरल्याचा, म्हंजे तुमचा. दुसऱ्याचा हात चालत न्हाय.

मारुतीराव : म्हणजे आदी मीच त्याच्या दारात.

नीलम : आधी नाहीतर शेवटी. तिसरी जागा नाही, आप्पा.

मारुतीराव : लई वंगाळ गणित हाय हे.

जयाबाई : गणित बरं हाय. तुम्ही दोघं भाऊ वंगाळ.

मारुतीराव : माझी टोपी दे.

जयाबाई : मीटिंगला अजून वेळ हाय.

मारुतीराव : त्याच्या आदी खालतीकडं भरमूकडं जाऊन येतो. तुझ्या दारात देवी आणू का, असं चारचौघांत कसं इचारू त्याला? न्हाय म्हणाला तर? नीलम, तू चल संगं. मी एकटा गेलो तर उंबऱ्यावरनंच माघारी येईन. आन् तिथं गणिताचं नाव काढू नको.

नीलम : का?

मारुतीराव : मी आपणहून आलोय असं वाटू दे त्याला.

जयाबाई : मग आपणहून न्हाय व्हय निघाला?

मारुतीराव : निघालोय तर खरं. पोचल्यावर बघू.