बटणवाल्याच्या मशीनचा आवाज

(गल्लीतल्या बटणांच्या कारखान्याचं छोटं ऑफिस. भिंतीपलीकडे मशीन चालू आहे.)

मामा: कामगार बारा. लिही.

भाची: दाराशी चपलांचे दोनच जोड आहेत.

मामा: बाकीचे बूट घालून येतात. तुला सरकारी पाहणीची नोकरी लागली तेव्हा पेढे मीच वाटले होते. मागच्या वर्षीच्या साहेबांनी चहा घेतला, मी सांगितलं ते लिहिलं आणि गेले.

भाची: म्हणूनच या वर्षी मला पाठवलंय. गल्लीत बावीस कारखाने. त्यातल्या एकोणीस जणांनी मागच्या वर्षी कामगारांचा आदल्या वर्षीचाच आकडा दिला होता. एकही कमी-जास्त नाही. असं कुठे होतं का, मामा?

मामा: स्थिर आहोत म्हण.

भाची: देश सात टक्के वाढला म्हणून पेपरात आलं ना? त्या आकड्यांत आपल्या जिल्ह्याचंही सगळं ठीक चाललेलं दिसतं. तुझे न येणारे दहा जणही त्यात कामावर आहेत. मग मदत मिळणाऱ्या जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव येणार कसं?

मामा: आणि दोन लिहिलं, ते बटणं घेणाऱ्या शर्टवाल्यांच्या कानावर गेलं, तर पुढची ऑर्डर गेली. आत पाकिटं भरतायत त्या दोघांना काय सांगू?

भाची: तुझं नाव बाहेर जात नाही. फक्त बेरीज जाते.

मामा: तू जिल्ह्याचं बोलतेस. मला गल्लीत राहायचंय.

भाची: म्हणून मशीन रिकामं फिरवतोस?

मामा: कोण म्हणतं रिकामं?

भाची: माल असला की दर फेऱ्याला दणका बसतो. दहावीचा सगळा अभ्यास मी याच टेबलावर केलाय. आज दणका नाही.

मामा: ...नऊला लावतो, सहाला बंद करतो. समोरच्या बकलवाल्याचं कसं, दिवसभर धडाक्यात चालू असतं. माझं थांबलं की तो लगेच दारात येईल.

भाची: त्याचं मशीन नीट ऐकलंस कधी?

मामा: आपल्या आवाजात काय ऐकू येणार?

भाची: दोन मिनिटं बंद कर. वीज गेली म्हण.

मामा: वीज काय माझ्या एकट्याची जाते? ...थांब. दोनच मिनिटं हं.

भाची: आता ऐक.

मामा: हं.

भाची: दणका आहे?

मामा: नाही. सरळ फिरतंय नुसतं.

भाची: कधीपासून असेल?

मामा: उन्हाळ्यात म्हणाला होता, माणसं सुट्टीवर गेलीत. परत आली का, ते मी विचारलं नाही. त्यानेही मला कधी काही विचारलं नाही.

भाची: थांबलं.

मामा: काय?

भाची: त्याचंही थांबलं, मामा. तो दारात आलाय. इकडेच बघतोय.

मामा: बघू दे.

भाची: मग काय लिहू?

मामा: दोन लिही. आणि चल, समोर मीही येतो. एकटी गेलीस तर तो तुला पंधरा सांगेल.