एका सकाळचे चाळीस अंश

नाही मॅडम, वही चुकत नाही, आमच्या गरम पाण्याच्या पाइपांचं तुम्ही कॉम्प्युटरवर बनवलेलं मॉडेल चुकलं असेल. अकरा वर्षं या वृद्धाश्रमाच्या बॉयलरखोलीत मी रोज लिहितोय — पाणी किती तापलं, गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह किती फिरवला, सगळं. तुम्हीच म्हणालात ना, कॉम्प्युटरवर बाकी सगळे दिवस जुळले? मग एका सकाळसाठी माझ्याकडे असं काय बघताय? तुमचा कॉम्प्युटर म्हणतो शेवटच्या खोलीत बासष्ट अंश, वही म्हणते चाळीस — मग चाळीसच. तिथवर पाणी पोचायला चार मिनिटं लागतात, हे त्याला कुणी सांगितलं? मीच. आणि आता तो मलाच शिकवणार?

काय केलंत? कॉम्प्युटरमधला पाइप आखूड केलात? म्हणजे गरम पाणी लगेच पोचलं आणि नोंदीआधीच वाहून गेलं, असं धरून? ती एक नोंद जुळावी म्हणून? बाकीच्या दिवशी व्हॉल्व्हला मधेच कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे तिथे फरक पडत नाही — हो, कळतं मला, अडाणी नाही मी. पण मग तो नवा, आपोआप फिरणारा व्हॉल्व्ह याच हिशेबावर चालवणार? म्हणजे पाणी गार दिसलं की गरम वाढवणार, ते पोचायच्या आत आणखी वाढवणार —

नाही. चालणार नाही. पाइप होता तेवढा करा. का म्हणजे? मी सांगतो म्हणून.

बरं, लिहून घ्या. त्या सकाळी पाणी गार आहे असा वरच्या खोल्यांतून निरोप आला. मी व्हॉल्व्ह गरमकडे फिरवला. दोन मिनिटांत पुन्हा निरोप. मी वैतागलो, पुन्हा फिरवला, थांबलो नाही — मी, जो सगळ्यांना थांबा म्हणून सांगतो. मग मागे घेतला, पण गरम पाणी निघून गेलं होतं. शेवटच्या खोलीत माझी थोरली बहीण राहते. तिनं घमेल्यात पाय ठेवला होता, वरून नळ चालू. बासष्टच असणार. मी चाळीस लिहिलं. तिनं नर्सला सांगितलं, चहा सांडला. महिनाभर पायाला पट्टी होती.

तर तुमचं मॉडेल बरोबर आहे. झालं समाधान? मॅनेजरांना सांगायचं तर सांगा, मी कुठे पळून जात नाही. पण पाइप आधी लांब करा, माझ्यासमोर. हं. आता उठा, आणि वर जाऊन तिला विचारत बसू नका. ती चहाच सांगेल.